वाचकांचे प्रश्न : मुंबई बेटाचा खंडकरी वैद्य

गेल्या अंकातील फोर्टविषयीच्या लेखात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आला होता. त्या एका ओळीवर एवढी पत्रे येतील, अशी आमची अपेक्षा नव्हती. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्याच्याच वाट्याला दिले असून सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : इंग्रजांच्या आधी संपूर्ण मुंबई एका पोर्तुगीज डॉक्टरला आंदण मिळाली होती, असे हेरिटेज वॉकमध्ये ऐकले. हे खरे आहे का? आणि हा डॉक्टर इकडे आला कसा? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : 'संपूर्ण' आणि 'आंदण' हे दोन शब्द वगळले, तर खरे आहे. गुजरातच्या बहादूरशाहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला, त्यात मुंबईची बेटेही गेली. पोर्तुगीजांनी हा मुलूख स्वतः कसण्याऐवजी गावे आणि बेटे खंडाने लावून देण्याची पद्धत ठेवली. त्या पद्धतीप्रमाणे १५५४च्या सुमारास, पेद्रो माश्करेन्यश हे व्हाइसरॉय असताना, मुंबई बेट गार्सियाकडे आले. म्हणजे तो बेटाचा मालक नव्हता, राजाला दरसाल खंड भरणारा खंडकरी होता. शिवाय मुंबई बेट म्हणजे सात बेटांपैकी एक. डोंगरीपासून मलबार हिलपर्यंतचा भाग त्यात येत होता. माहीम, वरळी, परळ, माझगाव ही बेटे वेगळी आणि त्यांचे हिशेबही वेगळे. आपले गिरगाव त्याच्या खंडात होते, एवढे आपण अभिमानाने सांगू शकता. दादर-परळकरांनी मात्र यात वाटा मागू नये.

त्याचा जन्म १५०१च्या आसपास पोर्तुगालच्या सरहद्दीवरील कास्तेलो द विदे या गावी झाला. त्याने वैद्यकाचे शिक्षण स्पेनमधील सालामान्का आणि अल्काला या विद्यापीठांत घेतले, परत येऊन काही काळ गावातच वैद्यकी केली, नंतर लिस्बनला परवाना मिळवला आणि १५३०च्या सुमारास तेथील विद्यापीठात तो शिकवूही लागला. अशा चांगल्या बसलेल्या माणसाने मार्च १५३४ मध्ये सगळे सोडून मार्तिम अफोन्सो द सोझा या आरमारी सरदाराचा वैद्य म्हणून जहाजात पाय ठेवला आणि सप्टेंबरात तो गोव्याला उतरला. औषधी वनस्पती प्रत्यक्ष पाहण्याची ओढ हे त्याने सांगितलेले कारण खोटे नाही, पण ते पुरते कारणही नाही. दुसऱ्या कारणाकडे वसईच्या वाचकांच्या प्रश्नात यावेच लागणार आहे.

गोव्यात तो पुढची ३४ वर्षे राहिला. सोझाबरोबर तो काठेवाडच्या किनाऱ्यापर्यंत हिंडला, अनेक गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांचा तो वैद्य होता, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते. निजामशाह त्याला रोगांची अरबी नावे शिकवी आणि हा निजामशाहाला लॅटिन नावे शिकवी. वैद्य आणि रोगी यांनी एकमेकांची शिकवणी घ्यावी, हे दृश्य आम्हाला फार आवडते. नगरच्या किल्ल्याचा इतिहास सांगताना चांदबिबीबरोबर याचीही आठवण कोणी काढली तर बरे होईल.

प्रश्न : त्याच्या मुंबईतल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता म्हणतात. ही दंतकथा आहे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दंतकथा नव्हे, त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईतले आपले एक झाड मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि नाताळच्या सुमारास पुन्हा एकदा फळ देते, असे त्याच्या ग्रंथातील आंब्याच्या प्रकरणात आहे. त्याच प्रकरणाच्या आरंभी त्याचे मुंबईचे कूळ सिमाव तोश्कानो आंब्यांची टोपली घेऊन गोव्याला दाराशी येऊन उभे राहते. बारमाही फळणारी आंब्याची झाडे कोकणात आजही आढळतात, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यात अचंबा करण्यासारखे काही नाही. नाताळात घरचा आंबा खाणारा पहिला मुंबईकर म्हणून त्याची नोंद करायला हरकत नसावी, मग तो मुंबईत फारसा राहत नसला तरी.

प्रश्न : उष्णकटिबंधीय वैद्यक म्हटले की आम्हाला रोनाल्ड रॉस आणि हाफकिन आठवतात. या गार्सियाला त्या शास्त्राचा आद्य प्रवर्तक का म्हणावे? ज्या औषधांबद्दल त्याने लिहिले, ती तर आपल्या वैद्यांना आणि आपल्या आज्यांना आधीपासूनच माहीत होती. (एक निवृत्त औषधविक्रेते, दादर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग हाच पहिल्या भागाच्या उत्तराचा धागा आहे. उष्णकटिबंधीय वैद्यक हे नाव आणि त्या नावाच्या संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. रॉसने हिवतापाचे परजीवी डासाच्या पोटात पाहिले ते ऑगस्ट १८९७ मध्ये, सिकंदराबादेत. हाफकिनने आपली प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली ती त्याच वर्षीच्या जानेवारीत, आपल्या मुंबईत. गार्सियाकडे सूक्ष्मदर्शक नव्हते, जंतूंची कल्पना नव्हती आणि शरीरातील चार रसांचा तोल बिघडला की रोग होतो या ग्रीक मतावर त्याची निष्ठा होती. विषावर उतारा म्हणून तो बेझोअर, म्हणजे बकऱ्यांच्या पोटात सापडणारा खडा, बिनदिक्कत देत असे. एक नवे औषध किंवा एक नवा उपचार त्याच्या नावावर दाखवा म्हटले, तर हात रिकामे राहतील.

त्याने केले ते वेगळेच. युरोपात पंधराशे वर्षे पूर्वेकडच्या औषधांविषयी जे काही लिहिले जात होते, ते डायोस्कोरिडीस आणि गेलेन या ग्रीकांच्या, आणि नंतर अरबी ग्रंथकारांच्या आधाराने. त्यातील बहुतेकांनी ते झाड पाहिले नव्हते, त्या प्रदेशात पाऊल टाकले नव्हते. हातात पोहोचायची ती वाळकी साल, भेसळीचा डिंक किंवा एखादे नाव. गार्सिया झाडापाशी गेला, त्याने फळ चाखून पाहिले, बाजारभाव विचारला, ते कोठल्या बंदरातून येते याची व्यापाऱ्याकडे चौकशी केली आणि ग्रंथात लिहिलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळले नाही, तेव्हा ग्रंथ चुकला असे छापून टाकले. बोर्निओचा कापूर वेगळा आणि चिनी कापूर वेगळा, आणि दोहोंच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर का, हे तो एखाद्या मशीद बंदरच्या पेढीवाल्याच्या तपशिलाने सांगतो.

त्याचा हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती, छपाईत इतक्या चुका राहिल्या की मागे पानेच्या पाने शुद्धिपत्र जोडावे लागले, आणि चित्र तर एकही नाही. नावाचे मराठीत भाषांतर करायचे तर 'हिंदुस्थानातील साधी औषधे, द्रव्ये आणि वैद्यकीय वस्तू यांविषयीचे संवाद' असे होईल. सोयीसाठी आपण त्याला 'संवाद' म्हणू. हे 'संवाद' त्याने विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिले. त्यांची संख्या साठाच्या आसपास असून प्रत्येक संवाद एकदोन औषधांवर आहे, आणि बोलणारी मुख्य पात्रे दोन आहेत. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो, नुकताच स्पेनहून आलेला कल्पित वैद्य, ज्याच्या तोंडी सतत ग्रंथवचने असतात. रुआनोने एखादे जुने नाव पुढे केले, की ओर्ता म्हणतो, मला डायोस्कोरिडीस आणि गेलेन यांची भीती घालू नका, मी सत्य आणि मला ठाऊक असलेलेच सांगणार. वास्तविक रुआनो हाही ओर्ताच आहे: सालामान्कात शिकलेला, पाठांतर चोख असलेला, अजून बोटीत न बसलेला तरुण ओर्ता. स्वतःच्याच विद्यार्थिदशेशी वाद घालण्याची ही युक्ती वाचायला अजूनही ताजी वाटते.

या दोघांच्या बोलण्यात अधूनमधून घरातली मोलकरीण अँटोनिया एखादी मुळी किंवा फळ आणून ठेवते, कोणी रोगी येतो, कोणी निरोप्या धापा टाकत येतो. धोत्र्याच्या प्रकरणात घरातल्याच दासीने मालकिणीला धोत्रा चारून दागिने लांबवल्याची तक्रार येते, आणि विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरे देत हसत सुटलेली ती मालकीण वाचकाला दिसते. विषाची लक्षणे सांगण्याचा याहून स्पष्ट मार्ग कोणता?

आणि हिंगाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. हिंदुस्थानात सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू कोणती, तर हिंग, असे तो लिहितो. औषधातही आणि स्वयंपाकातही. नाव तो ऐकले तसे, 'इंगु' असे देतो. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे एक उंची घोडा होता, पण त्याला पोटातल्या वायूचा असा विकार होता की राजा तो विकत घेईना. मालकाने पिठातून हिंग चारून त्याला बरा केला. राजाने घोडा घेतला आणि उपाय काय केला असे विचारले. उत्तर ऐकून राजा म्हणाला, यात नवल ते काय, तुम्ही त्याला देवांचे अन्न दिलेत. त्यावर तो पोर्तुगीज स्वतःशीच पुटपुटला, अर्थात आपल्या भाषेत, की देवांचे कशाला, सैतानाचे म्हणा. ही गोष्ट लिहिणाऱ्याला हिंगाचा वास सोसत नव्हता, हे उघड आहे. तरीही त्याने उपयोग लपवला नाही. आवडीनिवड आणि निरीक्षण यांचे कप्पे त्याने वेगळे ठेवले होते, हे आम्हाला बेझोअरच्या खड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : कॉलऱ्याचे आधुनिक वैद्यकातील पहिले चांगले वर्णन गार्सियाचे आहे आणि त्यासाठी त्याने मराठी शब्द वापरला, असे वाचले. तो शब्द कोणता? (वैद्यकाची एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : तो शब्द 'मोडशी'. गार्सिया तो 'मोर्शी' असा लिहितो आणि आमचे लोक त्याचाच अपभ्रंश करून 'मोर्देशी' म्हणतात, असे पुढे सांगतो. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत हा शब्द आहे, आणि मोडणे, मोडून पडणे या क्रियापदाशी त्याचे नाते लावले जाते. पुढे फ्रेंचांनी ऐकीव शब्दाला आपल्या भाषेतला अर्थ चिकटवून 'मोर्-द-शियँ' केले, म्हणजे शब्दशः कुत्र्याचे मरण. मराठीतही कुत्र्याच्या मौतीने मरणे असा प्रयोग आहे, पण या दोहोंचा संबंध नाही. कानाने केलेली ही गंमत आहे. आज घरात मोडशी झाली म्हणजे जड जेवणाने पोट बिघडले, उलटी-जुलाब झाले, इतकाच अर्थ उरला आहे. आमच्या घरी त्यावर आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव एवढे औषध पुरत असे. चारशे वर्षांपूर्वी याच शब्दाने गोव्यातल्या घरांत धडकी भरत होती.

हे प्रकरण सुरू होते ते निरोपाने. एक हुजऱ्या येऊन सांगतो की दों जेरोनिमो यांच्या भावाला पाहायला ताबडतोब चला. ही रोगी पाहण्याची वेळ नव्हे हे खरे, पण उशीर धोक्याचा आहे. ओर्ता विचारतो, काय होते आहे आणि केव्हापासून? उत्तर येते, मोर्शी झाली आहे, दोन तास झाले. ओर्ता म्हणतो, तू पुढे हो, मी आलोच. आणि रुआनो विचारतो, इतक्या झटपट मारणारा आणि ज्यातून फार थोडे वाचतात, तो रोग हाच काय? आपण विद्यार्थिनी आहात म्हणून मुद्दाम लक्ष वेधतो: दुखणे केव्हा सुरू झाले हा प्रश्न, आणि उत्तर तासांत येणे, यातच अर्धे निदान झाले.

पुढे तो लक्षणे सांगतो. नाडी अतिशय मंद, कित्येकदा हाताला न लागणारी, कातडी थंडगार, आणि येणारा घामही थंड, रोगी मात्र आत आग होते आहे म्हणून तळमळतो आणि त्याची तहान भागत नाही, डोळे खोल गेलेले, उलट्या आणि जुलाब, पायांत गोळे. बहुधा चोवीस तासांत हा रोग माणसाला नेतो आणि दहा तासांत गेलेलेही पाहिले आहेत, असे तो नमूद करतो. अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्यावर शरीराचे काय होते, याचे आजच्या पाठ्यपुस्तकातले वर्णन याच्या शेजारी ठेवून पाहा. कारणाची सारी मीमांसा बदलली आहे, पण रोगी तोच आहे. त्या जंतूला फिलिपो पाचिनीने १८५४ मध्ये पाहिले आणि रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तो वेगळा काढून दाखवला. मधली तीनशे वर्षे वैद्यांच्या हाती फक्त डोळे आणि बोटे होती.

'पहिले' या शब्दाबद्दल मात्र सावध राहावे. गोव्यातल्या १५४३च्या साथीची हकीकत गास्पार कोर्रेया या बखरकारानेही लिहिली आहे, आणि सुश्रुतातील विषूचिकेचे वर्णन आपल्या अभ्यासक्रमात नसले तरी ग्रंथालयात असेल. गार्सियाचे वर्णन युरोपीय वैद्याने रोग्याच्या खाटेशी बसून केलेले आणि छापले गेलेले म्हणून वेगळे ठरते.

त्याने इथल्या लोकांचे उपायही टिपले आहेत. गोळे आलेले अवयव पट्ट्यांनी घट्ट बांधतात, पायांना डाग देतात, डोळ्यांत पिंपळी घालतात. यातले डाग आणि पिंपळी वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच यादीत एक ओळ अशी आहे: मिरी आणि जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात, त्याला 'कांजी' म्हणतात. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा घातलेले पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि छावणीतला कॉलऱ्याचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. पुढे साखरेच्या जागी तांदळाचे पीठ घेतलेली पाणीही कॉलऱ्यावर चांगली ठरली, कारण स्टार्चमधून हळूहळू सुटणारे ग्लुकोज आतड्यात सोडियम आणि पाणी ओढून घेते. म्हणून गोव्यातल्या बायकांना हे शास्त्र ठाऊक होते, असा दावा कोणी करू नये. मिठाचे प्रमाण नसलेली आणि दोन तासांत घागरभर पाणी गमावणाऱ्याला वाटीभर दिलेली कांजी फारसे काही करू शकली नसती. मात्र रोग्याला पाणी तोडण्यापेक्षा पेज पाजणारा माणूस योग्य दिशेला तोंड करून उभा होता, आणि गार्सियाने ते नावासकट लिहून ठेवले.

प्रश्न : म्हणजे इथल्या वैद्यांचे ज्ञान उचलून त्याने ते स्वतःच्या नावावर खपवले, असेच ना? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : 'खपवले' हा शब्द आम्हाला कडक वाटतो, पण आपला रोख चुकीचा नाही. सांगणाऱ्यांचे ऋण तो लपवत नाही. अमुक गोष्ट मला इथल्या वैद्याने दाखवली, तमुक निजामशाहाच्या हकिमांनी सांगितली, असे तो वारंवार म्हणतो. जुलाबांवर इथले वैद्य कुड्याची साल वापरतात आणि तिचा गुण येतो, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे. एका संवादात मालूपा नावाचा हिंदू वैद्य प्रत्यक्ष बोलतोही. परंतु हे अपवाद. बहुतेकदा सांगणारा 'इथला वैद्य' असतो, त्याला नाव नसते, आणि हे लोक अनुभवाने आणि रिवाजाने उपचार करतात, शास्त्राने नव्हे, असा शेरा असतो. चरक-सुश्रुतांच्या परंपरेत ग्रंथ होते, टीका होत्या, वाद होते. त्यांचा त्याला पत्ता लागला नाही, कारण त्याला संस्कृत येत नव्हते आणि त्याने ते शिकण्याची खटपटही केली नाही. अरबी नावांसाठी तो जितका जीव टाकतो, त्याच्या निम्मा इकडे टाकता तर ग्रंथ वेगळा झाला असता.

तुलनेसाठी शंभर वर्षांनंतरचे एक उदाहरण घ्यावे. कोचीचा डच गव्हर्नर वान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात माहिती देणारा इट्टी अच्युतन हा वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण यांची नावे आणि त्यांची स्वतःच्या लिपीतली प्रमाणपत्रे छापली आहेत. गार्सियाने तेवढे केले नाही.

त्याने केले ते शब्दांच्या बाबतीत. बेलाला वसईकडचे लोक 'बेली' म्हणतात आणि वैद्य 'श्रीफळ' म्हणतात. झाडाला 'माड' आणि फळाला 'नारळ', जे त्याच्या कानी 'मारो' आणि 'नरेल' असे पडले. बाजारातले नाव एक, वैद्याचे दुसरे, हा भेद त्याने पकडला आणि दोन्ही नावे नोंदली. सोळाव्या शतकातल्या उत्तर कोकणातील बोलीचे छापील पुरावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यातला एक एका परक्या वैद्याच्या औषधांच्या यादीत सापडावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी आणखी मनावर घ्यायला हवी.

युरोपात मात्र सांगणाऱ्यांचीच नव्हे, तर खुद्द गार्सियाचीही ओळख पुसट झाली. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पहून 'संवादां'चा लॅटिन संक्षेप काढला. त्यात माहिती ठेवली आणि संभाषण काढून टाकले. रुआनो गेला, अँटोनिया गेली, आंब्यांची टोपली गेली. क्रिस्तोबाल अकोस्ता याने १५७८ मध्ये बुर्गोसहून चित्रांसह स्पॅनिश ग्रंथ काढला, त्यातला मोठा भाग गार्सियाचाच होता. विलेपार्ल्याच्या वाचकांचा 'खपवले' हा शब्द इथे कदाचित अधिक शोभेल.

प्रश्न : ख्रिस्ती राजाचा एवढा मोठा वैद्य असून त्याची हाडे उकरून जाळली, हे कसे? (वसई आणि मीरा रोड येथील दोन वाचक)

उत्तर : त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलले, तेव्हा ते सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले, आणि १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने सगळ्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशा कुटुंबांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि ती आतून जुनाच धर्म पाळतात असा संशय त्यांच्यावर कायम असे. पोर्तुगालात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), म्हणजे धर्मद्रोही ख्रिस्त्यांना हुडकून शिक्षा देणारे न्यायालय, येणार याच्या हालचाली १५३०च्या सुमारास सुरू झाल्या होत्या, आणि ते १५३६ मध्ये आले. गार्सियाने बोट पकडली ती १५३४ मध्ये. पहिल्या उत्तरात राखून ठेवलेले दुसरे कारण ते हे. पुढे त्याने आई आणि बहिणींनाही गोव्याला आणवले.

ते न्यायालय १५६० मध्ये त्याच्या मागोमाग गोव्यातही आले. गार्सिया जिवंत असेपर्यंत त्याच्या अंगाला हात लागला नाही. व्हाइसरॉयांचा वैद्य असणे हे त्या काळी चिलखतच होते. तो १५६८ मध्ये वारला. त्यानंतर लगेच बहीण कातारिना हिला अटक झाली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांतून गार्सियाही मनाने ज्यूच होता असे नोंदवले गेले, आणि ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे कबरीतून काढून जाळली गेली.

हे कळल्यावर 'संवाद' पुन्हा वाचताना वाक्ये निराळी ऐकू येतात. सत्य आणि मला ठाऊक असलेलेच सांगणार, असे छातीठोक लिहिणारा हा माणूस आयुष्यभर आपल्याच घरातली प्रार्थना कोणाच्या कानी पडू नये म्हणून दबकून वागत होता. आंब्याबद्दल, हिंगाबद्दल, मोडशीबद्दल त्याला गेलेनला खोटे पाडता येत होते, आणि तेवढीच मोकळीक त्याला होती. ती त्याने पुरेपूर वापरली, असे आमचे वाचन आहे.

प्रश्न : मुंबईत त्याची काही खूण उरली आहे का? ग्रंथ वाचायला मिळेल का? (अनेक वाचक)

उत्तर : त्याचे नाव परंपरेने ज्या वाड्याशी जोडले जाते, तो टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांच्या मागच्या बाजूला, आज नौदलाच्या आयएनएस आंग्रे या तळाच्या आवारात येतो. मुंबई इंग्रजांच्या हवाली करण्याचा करार १८ फेब्रुवारी १६६५ रोजी झाला तो याच वाड्यात, आणि तेव्हा तो दोना इनेस द मिरांदा या बाईंचा होता. इंग्रजांनी त्याभोवती किल्ला बांधला, म्हणून त्या भागाला बॉम्बे कॅसल म्हणू लागले. नौदलाची परवानगी असल्याशिवाय आत जाता येत नाही. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, आणि पोर्तुगालने १९७१ मध्ये २० एश्कुदोच्या नोटेवर त्याचे चित्र छापले होते. मुंबईत, ज्या बेटाचा त्याने खंड भरला तिथे, त्याच्या नावाची पाटी आमच्या पाहण्यात नाही.

ग्रंथाचे क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते जुन्या ग्रंथालयांत मिळते. पोर्तुगीज येत असेल तर कोंद द फिकाल्यो यांच्या टीपांसहची आवृत्ती, १८९१ ते १८९५ या काळात निघालेली, सर्वांत उत्तम.

उरणच्या एका वाचकांनी त्याने घारापुरीची लेणी पाहिली होती का, असे स्वतंत्रपणे विचारले आहे. पाहिली होती, आणि गोव्याला उतरला त्याच वर्षी, १५३४ मध्ये, वसईचा प्रदेश अजून पोर्तुगीजांच्या हाती आला नव्हता तेव्हा. बेटाचे स्थानिक नाव तो 'पोरी' असे देतो. तेव्हा लेणी पाहण्यासारखी होती, आता आत गुरे शिरून नासधूस करतात, असे त्याने १५६३ मध्ये हळहळून लिहिले आहे.